निम्मा चहा

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी अण्णांनी मला घरून थेट गाडीत बसू दिलं नाही. आमच्या शेतातला झेंडू रोज पंचवटीच्या बाजारात जायचा. तिथल्या टपरीवर त्यांनी मला नेलं, एक चहा सांगितला, निम्मा बशीत ओतून बशी स्वतः घेतली आणि कप माझ्यापुढे सरकवला. बाजाराची रीतच ती. अख्खा चहा एकट्याने पिणारा तिथे आपमतलबी ठरतो. "तिकडं एकटी पीत बसू नको," अण्णा म्हणाले, "निम्मा द्यायला कोणीतरी बघ." मी हसले. रडू दिसू नये म्हणून हसले, हे आता कबूल करते.

औषधांच्या लॅबमध्ये नोकरी लागली. तिथे कॉफीच्या मशीनचं बटण दाबायचं आणि आपापला मग घेऊन आपल्या टेबलाशी जायचं. निम्मा कोणाला विचारणार? मीही एक मोठा मग विकत घेतला.

तीन वर्षांनी अण्णांना धडधड व्हायला लागली. डॉक्टरांनी कॅफिन कमी करायला सांगितलं. "कॅफिन म्हंजे काय गं?" त्यांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं. "आपल्या घरात कॉफी कोण पितं?"

मला चेवच आला. अरबांचा कहवा, तुर्कांकडून युरोपात येता येता त्याची झालेली कॉफी, तिच्यातलं सत्त्व वेगळं काढून इथल्याच एका रसायनशास्त्रज्ञाने ठेवलेलं नाव, कॅफिन, म्हणजे कॉफीतलं, असं सगळं सांगितलं. चहात सापडलं तेव्हा त्याला थेइन म्हणत. पुढे कळलं, दोन्ही एकच. मग चहाचं नाव मागे पडलं.

"सासरी गेल्यावर बाईचं नाव बदलतात, तसंच की," अण्णा म्हणाले. "बिचारा चहा."

माझं लक्ष नव्हतं. दिवसाला किती होतात, मी विचारलं.

"होतात सात-आठ."

"आजपासून एकही नाही."

"डॉक्टर कमी म्हणाले, बंद नाय."

"अण्णा, मला कळतं त्यातलं."

अण्णांनी चहा सोडला. लेकीचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. मी लॅबमध्ये कौतुकाने सांगितलं, माझे वडील माझं किती ऐकतात.

दोन वर्षांनी अण्णा गेले. मी पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. आमची चूल बंद, म्हणून चहा बाहेरूनच येत होता. तिसऱ्या दिवशी भिकाकाका थर्मास घेऊन आले. बाजारात त्यांची जागा अण्णांच्या शेजारची. त्यांनी एक कप भरला, निम्मा बशीत ओतला आणि कप माझ्यापुढे सरकवला. मग मला आठ कपांची गोष्ट काढल्यावाचून राहवेना.

"आठ कुठले, पोरी," ते म्हणाले. "आठ निम्मे. बाकीचा मीच तर प्यायचो. सोडल्यापासून तो टपरीवर यायचाच बंद झाला. कोणी बशी पुढं केली तर नाय कसं म्हणायचं? माल उतरवायचा अन् टेम्पोत एकटाच बसून राहायचा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणतात, दुखणं वेगळंच होतं, चहाचा त्यात काही संबंध नव्हता. असेल. पण माझे वडील दोन वर्षं माणसांत बसले नाहीत, ते माझ्या शहाणपणामुळे. माझ्यासारखे जे लांब गेलेत त्यांना एवढंच सांगते. फोनवरून घरच्यांचं काही बंद करायला निघालात, तर ते कोणाबरोबर बसून करतात, हे आधी विचारा.

येताना मी अण्णांची बशी आणली. घर कुठलं, असं इथे कोणी विचारलं की तोंडाने नाशिक म्हणते, आणि मनात ती बशी येते. रोज सकाळी चहा करते, निम्मा तिच्यात ओतते आणि टेबलाच्या पलीकडे सरकवते. माझा कप संपतो. बशीवर साय धरते, तरी बशी उचलायला माझा हात होत नाही.