बनवणाऱ्याने हात लावायचा नाही

अरुणा सोहोनी ज्या टीव्हीच्या कारखान्यात सुपरवायझर होती तो बंद पडला, तेव्हा आमच्या लखनौच्या अलीगंजातल्या झाडून सगळ्या बायकांनी तिला एकच सल्ला दिला: आता निवांत घरी बसा. नवरा संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, मुलगी कॉलेजात, कमी काय आहे? मी तिची शेजारीण, पण मी गप्प राहिले, कारण मला तिचं तोंड ठाऊक होतं. ती म्हणाली, बसेन की, पण टेबलापाशी. आणि कारखान्याच्या लिलावात जाऊन, ज्या लांबलचक टेबलांवर तिच्या हाताखालच्या मुली टीव्ही जोडायच्या, ती टेबलंच उचलून घेऊन आली बया.

आलमबागच्या पलीकडे, तालकटोऱ्याच्या कारखान्यांच्या वस्तीत तिने भाटियाजींचा हॉल भाड्याने घेतला. कारखान्यातल्या शबाना वगैरे पोरी बोलावल्या आणि कोणाचे इन्व्हर्टर, कोणाचे स्टॅबिलायझर जोडून द्यायला सुरुवात केली. माझे हे एअर फोर्समधून रिटायर होऊन घरात दिवसभर ऑर्डरी सोडायला लागले, तेव्हा मीही तिथे पॅकिंगला जायला लागले. कानाला तेवढाच आराम.

पुढे दहा-बारा वर्षांनी हे स्टार्टअपवाले आले. पोरं हुशार, त्यात वाद नाही. खोलीत बसून एक वस्तू अशी सुरेख बनवायची की बघत राहावं. पण तीच वस्तू शंभर बनवा म्हटलं की तोंडचं पाणी पळायचं. ना मशीन, ना जागा, ना माणसं. अरुणाने त्यांच्यासाठी हॉल खुला केला. मशीन सगळ्यांची, टेबलं सगळ्यांची, पोरी सगळ्यांच्या. ज्याला जितके तास लागतील तितक्या तासांचं भाडं. फक्त एक नियम होता, आणि त्याच्यावरून रोज भांडण व्हायचं. ज्याने वस्तू शोधून काढली त्याने लॉटच्या आधीच्या चाचणीत तिला हात लावायचा नाही. सगळं कागदावर लिहून द्यायचं, स्टुलावर बसायचं आणि पोरी काय करतात ते बघायचं. बोलायचंही नाही. कागद वाचून पोरींना जमलं, तरच लॉट सुरू.

आता सिद्धेश. अरुणाच्या नवऱ्याच्या संस्थेतल्या सहकाऱ्याचा मुलगा. जन्म इथलाच, त्यामुळे आपण मराठीत विचारायचं आणि त्याने हिंदीत उत्तर द्यायचं. त्याने लसींच्या पेटीला लावायचा डबा बनवला होता. पेटीतला गारवा कमी झाला की डबा ओरडायचा. उत्तर प्रदेशात वीज कधी जाईल हे देवालाही माहीत नसतं, म्हणजे अशा डब्याची किती गरज, सांगा. नोएडाची एक बडी कंपनी हजारो डबे घ्यायला तयार होती. त्यांचे इंद्रजितसाहेब स्वतः बघायला येणार होते. सिद्धेशने या डब्यापायी नोकरी सोडली होती आणि घरी बापाशी अबोला धरून बसला होता. ही ऑर्डर गेली असती, तर त्याची कंपनी तिथेच संपली असती.

आणि आमचंही घोडं तिथेच अडलं होतं. मेट्रोचं खोदकाम सुरू झाल्यापासून आलमबागेतला प्रत्येक घरमालक हवेत होता. भाटियाजींनी स्वच्छ सांगितलं, बड्या कंपनीचं काम आलं तर हॉल तुमचा, नाही तर मला गोदामवाला भाडेकरू मिळतोय.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी चाचणी झाली. सिद्धेश स्टुलावर. पोरींनी कागद वाचून डबे जोडले. मग तपासणी, म्हणजे डब्याची तार गरम चहाच्या कपात बुडवायची, डबा ओरडला पाहिजे. निम्मे डबे ढिम्म. चहा गार झाला तरी हूं नाही की चूं नाही.

सिद्धेशचं डोकं फिरलं. म्हणाला, इन लोगों को आता ही नहीं है. शबानाच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! तिने स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला, म्हणाली, आप ही कीजिए. त्याने एक जोडला. ओरडला. दुसराही ओरडला. अरुणा त्याच्या हातांकडे बघत होती. तिसऱ्याला तिने त्याचं मनगट धरलं. झाकण लावता लावता तो अंगठ्याने आतली तार हळूच बाजूला सारत होता, नाही तर ती स्क्रूखाली चेपायची. त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं, म्हणून कागदावरही नव्हतं.

मग काय, त्याने विनवण्या सुरू केल्या. उद्या दाखवायचे डबे मी जोडतो, ऑर्डर पदरात पडू दे, झाकण मागाहून सुधारू. भाटियाजींचा फोन आला, तेही तेच म्हणाले. खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. अगं, एका दिवसाचा प्रश्न आहे, म्हटलं मी. अरुणा म्हणाली, "सुलभा, बिघडलेली लस टोचलेल्या पोराच्या आईला, एका दिवसाचा प्रश्न होता, म्हणून सांगशील?" मी परत खोकी चिकटवायला लागले.

दुसऱ्या दिवशी इंद्रजितसाहेब आले. अरुणाने त्यांच्यापुढे पोरींनी जोडलेले डबे ठेवले आणि वर चहाचा कपही ठेवला. साहेबांनी तो पिण्यासाठी उचलला. तिने तार त्यात बुडवली, डबा गप्प. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती ठणकावून म्हणाली, "याने जोडलेला ओरडतो. पण हजार डबे हा नाही जोडणार. झाकण बदललं की कळवू, तोवर इथून एकही डबा बाहेर जाणार नाही."

साहेब हसले. तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही असं ठरवून ते सिद्धेशकडे वळले. म्हणाले, हे म्युझियम सोड, नोएडाला ये, आमच्या कारखान्यात बसून पहिला लॉट तू स्वतः जोड, आज सही करतो. सिद्धेश खाली बघत उभा. कसला मोह असेल तो, त्या वयात!

"नहीं सर," तो म्हणाला. "वहाँ भी तार वैसे ही दबेगा. पहले ढक्कन ठीक करूँगा."

साहेब गेले ते गेलेच. भाटियाजींनी महिन्याभरात हॉलच्या मधोमध भिंत घातली आणि पलीकडे गाद्यांचं गोदाम आलं. अरुणाने टेबलं एकमेकांना खेटून लावली. चालताना कुल्ले आपटायचे आमचे. तिला काडीचा फरक पडला नाही.

सिद्धेशने झाकणात तारेसाठी खाच केली. नवी चाचणी, पुन्हा नापास, यावेळी स्क्रूमुळे. परत कागद, परत स्टूल. तो चिडायचा, शबानाशी भांडायचा आणि सकाळी परत हजर. शेवटी एकदाचे सगळे डबे ओरडले. आलमबागच्या एका बालरोगतज्ज्ञाने आपल्या ओळखीच्या दवाखान्यांसाठी लॉट मागवला. लहानसाच, पण मागवला.

आणि नेमका तेव्हाच लखनौत डेंग्यू आला. सिद्धेश आडवा झाला, प्लेटलेट्स पार खाली, हॉस्पिटलात भरती. त्याची आई रडत होती. अरुणा रोज सकाळी हॉस्पिटलात जाऊन यायची आणि तिथून थेट हॉलवर.

हॉस्पिटलातून सुटून तो हॉलवर आला तेव्हा नुसता सांगाडा राहिला होता, शर्ट खांद्यावरून घसरत होता. तो आजारी असताना पोरींनी जोडलेले डबे भिंतीला लागून रचून ठेवले होते, मी पॅक करत होते. त्याने रचलेल्यातला कुठलाही एक उचलला, तार चहात बुडवली. ओरडला. मग दुसरा, मग अगदी तळातला ओढून काढला. तोही.

"आंटी, एक बार भी किसीने फ़ोन नहीं किया मुझे? कुछ पूछना नहीं था?"

"नाही रे," अरुणा म्हणाली. "तुझी गरजच पडली नाही."

तो तिथेच जमिनीवर बसला आणि रडायला लागला, तोंडावर हातही न घेता. शबानाने नवी झाकणं टेबलावर ओतली आणि आम्ही पुढच्या लॉटला लागलो.