सहा आठवडे पुढे

माझा मुलगा धवल जिथे जहाजं दुरुस्त करतो, तिथलाच इंजिनियर ओसारो. नायजेरियातल्या बेनिन सिटीचा. दर रविवारी इथे सिंगापुरात, बुकित बातोक भागातल्या चर्चमध्ये तो गातो आणि मग आमच्याकडे जेवायला येतो. काय आवाज! माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल. शेजाऱ्यांसाठी मलाच त्याला दटावावं लागतं, "हळू बोल रे!"

परदेशातून मत देता येत नाही, म्हणून २०१५च्या फेब्रुवारीत वर्षाची सगळी रजा घेऊन तो मतदानाला गावी गेला. पोचला त्याच दिवशी निवडणूक सहा आठवडे पुढे ढकलली. बिचारा तसाच परतला.

"आमचे पाद्री म्हणतात, धीर धर. किती धरू, मम्मी?" भात चिवडत त्याने विचारलं.

मी समजूत घातली, "मी नाटकात काम करायचे, तेव्हा आमचा प्रयोग पुढे गेला, तरी तेच तिकीट चालायचं."

त्याने मतदार कार्ड टेबलावर आपटलं. "हेही चालेल! अठ्ठावीस मार्चला! आणि मी असेन इथे, जहाजाच्या पोटात!"

"पुढच्या निवडणुकीला जा," धवल म्हणाला.

"चार वर्षांनी?" ओसारो एवढ्याने ओरडला, की शेजारच्या चिनी आजी दारात आल्या.

त्या दिवशी मी त्याला दटावलं नाही.