पाच गावं, खिडकीतून

मला समुद्र गाडीच्या खिडकीतून दाखवायचा, असं आमच्या घरात ठरलं होतं. ठरवणारे कोण, तर आमचे हे. आणि मला विचारलं कोणी? कोणीच नाही.

एकसष्ट वर्षांची झाले तरी मी समुद्र पाहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. भूमध्य सागरी हवामान, कोरडे उन्हाळे, पावसाळी हिवाळे, ऑलिव्ह, द्राक्षं, हे इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण एखाद्या पोरीनं हात वर करून "मॅडम, समुद्राचं पाणी खरंच तोंडात धरवत नाई का?" असं विचारलं, की मी पुस्तकातलंच उत्तर द्यायची. नवरा रेल्वेत गार्ड, दरवर्षी पास मिळायचा. त्या पासावर मी प्रयाग पाहिलं, हरिद्वार पाहिलं, नाशिक पाहिलं. जिथं जिथं गोडं पाणी आहे तिथं तिथं या माणसानं मला नेलं. एकदा पुतणीच्या लग्नाला कल्याणपर्यंत पोचलो होतो. समुद्र तिथून कितीसा दूर? तर म्हणे, "आता कायले जाता, संध्याकाळचं रिझर्वेशन आहे." अक्षता पडल्या, पंगत उठली आणि मला गाडीत बसवून वर्ध्याला परत आणलं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तर यंदा योग आला. मुलगी नोकरीपायी इटलीत, मिलानला असते. दसऱ्यानंतर आम्ही दोघं तिच्याकडे जाणार, विमानाची तिकिटं झाली, व्हिसा झाला. फोनवर ती म्हणाली, "आई, मला सुटी नाही. पण तुम्हाला गाडीत बसवून देते. तीन दिवस समुद्रावर फिरून या. डोंगराच्या कडेला चिकटलेली पाच छोटी छोटी गावं आहेत, एका गावाहून दुसऱ्या गावाला गाडी, पाच मिनिटांचा रस्ता. बाबा तर रेल्वेवाले, त्यांना काय कठीण आहे?"

मी त्या दिवशी स्वयंपाक करता करता गाणं म्हणत होते. आणि तिकडे ह्यांनी वही काढली.

आमच्या खानदानात कोणाचंही लग्न असो, बारसं असो, की काशीला अस्थी न्यायच्या असोत, प्रवास ठरवायचा तो ह्यांनीच. लोक वर्ध्याला आमच्या घरी येतात, चहा पितात आणि कागद घेऊन जातात. त्यामुळे वहीत लगेच रकाने पाडले गेले: स्टेशन, येणे, सुटणे, थांबा. मग मुलीला फोन. "लोअर बर्थ भेटल का? वेटिंग किती आहे?" ती हसून सांगते, "बाबा, या गाड्यांना रिझर्वेशनच नसतं. दिवसभराचा पास घ्यायचा, कुठंही चढायचं, कुठंही उतरायचं." ह्यांचा विश्वास बसेना. फोन ठेवल्यावर मला म्हणतात, "पोट्टीले नीट माहीत नाई. बिनारिझर्वेशनची गाडी अन् परदेशात?" साखळी आणि कुलूपही काढून ठेवलं होतं, बॅग सीटखाली बांधायला. मी म्हटलं, बांधा बापा, पाच मिनिटांच्या प्रवासात बॅग बांधा आणि सोडा, तेवढंच काम होईल तुमचं.

इथवर मी हसत होते. चार-पाच दिवसांनी वही माझ्यासमोर आली, आणि माझं डोकं फिरलं.

वहीत लिहिलं होतं की ला स्पेझिया नावाच्या शहरात मुक्काम करायचा. सकाळी तिथून गाडीत बसायचं. रिओमाजोरे, मानारोला, कॉर्निलिया, वेर्नाझा, मोंतेरोस्सो, ही पाचही गावं गाडीतून पाहायची. पुढं लेवांतोला गाडीचं शेवटचं स्टेशन. तिथं गाडीत तसंच बसून राहायचं आणि त्याच गाडीनं परत यायचं. खाली बारीक अक्षरात टीप: जाताना डावीकडची खिडकी, येताना उजवीकडची.

"अन् उतराचं कुठं?" मी विचारलं.

"उतराचं कायले? गाडीतून सगळंच दिसते."

"म्हणजे समुद्रात पाय पण नाई बुडवाचा?"

"तुह्याले गुडघ्याचा त्रास आहे. त्या कॉर्निलियाच्या स्टेशनापासून गावात जायले साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. पाह्यलं म्या मोबाइलवर."

माझा गुडघा! माझा गुडघा पावसाळ्यात चार दिवस दुखतो, बाकी वर्षभर मी बजाज चौकातून भाजी घेऊन पायी येते. माझ्या गुडघ्याचं नाव सांगून माझाच समुद्र कापायचा? एकतीस वर्षं मी तो शिकवला. जगातलं एवढं मोठं पाणी या माणसाला एका खिडकीत बसवायचं होतं. त्या दिवशी मी भाकरी थापल्या त्या चांगल्या आवाज करत थापल्या.

मग मी पण मोबाइल घेतला. म्हटलं, खिडकीतून काय दिसतं ते तरी पाहू. कोणीतरी त्याच गाडीच्या खिडकीतून काढलेला व्हिडिओ होता. पाहते तर काय, अंधार. बराच वेळ अंधार, मग दहा सेकंद उजेड, एक फलाट, थोडं निळं काहीतरी, की पुन्हा अंधार. तो सगळा रस्ता डोंगरातून कोरलेला, बोगद्यामागून बोगदा. मी तो व्हिडिओ ह्यांच्या नाकासमोर धरला.

"हे पाहा तुमचं सगळंच दिसते! मले इटलीले नेऊन बोगदा दाखवता?"

कोणीही असतं तर चूक मान्य केली असती. हे म्हणाले, "बोगद्यात गाडीत लाइट राह्यतात."

आता यावर काय बोलायचं? मी बोलले. बरंच बोलले. कल्याणचं काढलं, प्रयागचं काढलं, लग्नानंतर पहिल्या वर्षी रत्नागिरीची शाळेची सहल ह्यांच्या ड्युटीपायी सोडली होती, तेही काढलं. शेजारचा कुकर शिट्टी द्यायचा थांबला असेल. शेवटी हे हळूच म्हणाले, "तिथं गाडी एकच मिनिट थांबते. एका मिनिटात आपल्याच्यानं उतरणं होत नाई."

छत्तीस वर्षं ज्यानं शिट्टी वाजवून आख्खी गाडी सोडली, तो माणूस एका मिनिटाला घाबरतो! मला खरंच संताप आला. म्हटलं, असं का? चला तर मग, आपण परीक्षाच घेऊ. नागपूरकडे जाणारी पॅसेंजर सिंदीला किती थांबते? मिनिट-दोन मिनिटं. तुमचीच सिंदी, तुमचीच गाडी. बॅग घेऊन उतरून दाखवू, आणि उतरलो तर वही मी फाडणार.

हे तयारच होईनात. आज ऊन आहे, उद्या पाऊस आहे, परवा बँकेत काम आहे. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मी बॅगेत जुनी पुस्तकं भरली, जड व्हावी म्हणून, आणि ऑटो दारात बोलावून ठेवला. मग मात्र चपला घालाव्या लागल्या.

गाडीत गर्दी नव्हती. सेवाग्राम गेलं तेव्हा हे म्हणाले, "इथूनच वापस जाऊ, पोहे खाऊ." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सेलू रोड गेलं, तुळजापूर गेलं. सिंदी यायच्या आधीच मी बॅग घेऊन दाराशी उभी. गाडी थांबली. मी आधी बॅग फलाटावर ठेवली, मग मी उतरले. वीस सेकंद लागले असतील, फार तर पंचवीस. विजयी मुद्रेनं मागं वळले.

हे दारात उभे होते. दोन्ही हातांनी दांडा धरलेला. एक पाय पायरीवर, नजर खाली फलाटावर. नुसते बघत होते.

"उतरा ना!" मी ओरडले.

त्यांनी डावा पाय थोडा पुढं केला आणि परत मागं घेतला.

"अवो, उतरा! गाडी सुटून राह्यली!"

गाडी सुटली. हे तसेच दारात, मला पाहत पाहत पुढं निघून गेले. शेवटच्या डब्यातून एक तरुण गार्ड हिरवी झेंडी धरून माझ्यासमोरून गेला. मी फलाटावर पुस्तकांची बॅग घेऊन उभी आणि माझा नवरा बोरखेडीकडे.

त्या वेळी जेवढा राग आला तेवढा मला आयुष्यात आलेला नाही. मला वाटलं, मुद्दाम केलं. हरू नये म्हणून हा माणूस उतरलाच नाही. फोन लावला. "लाज नाई वाटत? बाईच्या जातीले एकटं सोडून गेले!" पलीकडून गाडीचा खडखडाट ऐकू येत होता. ते म्हणाले, "बुटीबोरीले कोणी हात देईन तं उतरतो. वापसीच्या गाडीनं येतो. तू तिथूनच चढजो."

कोणी हात देईन तं. हे शब्द माझ्या कानावर पडले होते, पण रागात ते आत शिरलेच नाहीत.

दीड तासानं परतीची गाडी आली. हे खिडकीत बसलेले दिसले, उतरले नाहीत. मी चढले, समोर बसले, तोंड उघडणार एवढ्यात ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "डावा पाय खाली टाकला का, तिथं जमीन आहे का नाई, हेच समजत नाई मले. चार महिने झाले."

मी त्यांच्या डाव्या पायाकडे पाहिलं. मग एकेक आठवायला लागलं. उन्हाळ्यापासून स्कूटर तशीच पडून होती, पेट्रोल महाग झालं म्हणाले होते. ओट्यावरून अंगणात उतरताना भिंतीला हात. केळझरच्या गणपतीला गेलो तेव्हा हे पायऱ्यांखालीच बसून राहिले, चपला सांभाळतो म्हणे. मी एकतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, काना-मात्रा सुटली तर लाल खूण केली. आणि घरातला माणूस चार महिने भिंत धरून चालत होता, ते मला दिसलं नाही. स्वतःचाच असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पण तोंडातून निघाले ते रागाचेच शब्द.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू पोरीले फोन केला असता. अन् तिकिटं वापस. बाबाचं पाहू आधी, समुद्र काय, पुढच्या वर्षी."

खरं होतं ते. मी अगदी हेच केलं असतं. हेच शब्द बोलले असते.

"म्हून म्हटलं," ते म्हणाले, "गाडीतूनच पाहू. उतरणं नाई तं कोणाले समजत नाई. तुले समुद्र तं दिसन."

वर्ध्याला गाडी भरपूर थांबते. सगळे उतरून गेल्यावर मी आधी खाली उतरले, हात वर केला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि पाय खाली सोडला. मी म्हटलं, "आहे जमीन. टाका." त्यांनी टाकला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पाठीतली नस दबली आहे. औषधं दिली, व्यायाम दिला, काठी दिली. प्रवासाला हरकत नाही, पण घाईनं चढ-उतार नको. काठी पाहून ह्यांचं तोंड उतरलं. मी म्हटलं, राहू द्या आता, छत्तीस वर्षं झेंडी धरली, काठी काय जड आहे?

वही मी फाडली नाही. ह्यांच्याच रकान्यांत नवीन बेत लिहिला. मुक्काम ला स्पेझियाला नाही, लेवांतोला. तिथं गाडी संपते, पुढं जायची घाई तिला नाही, हे हवा तेवढा वेळ घेऊन उतरतील. मुलीनं सांगितलं की तिथून समुद्र पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे, रस्ता सपाट, पायऱ्या नाहीत. पाच गावांना मी एकटी जाणार. एकेका गावात उतरणार, एक मिनिटात. कॉर्निलियाच्या पायऱ्या तर मी मुद्दाम चढणार, माझ्या गुडघ्याचं नाव घेतलं होतं ना!

"एकटीनं?" ह्यांनी विचारलं. "गाडी चुकली तं?"

"दुसरी येते. रिझर्वेशन थोडंच आहे!"

चार महिने लपवलं त्याची माफी मी दिलेली नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवते. देणारही नाही एवढ्यात. पण पहिल्या दिवशी मी कुठल्याच गावाला जाणार नाही. पहिल्या दिवशी लेवांतोला उतरायचं, काठी वाळूत ठेवायची, चपला काढायच्या आणि ह्यांचा दंड धरून पाण्यात जायचं. मुलगी म्हणते, लाट परत जाते तेव्हा पायाखालची वाळू सरकते, खाली जमीन आहे की नाही ते धडधाकट माणसालाही समजत नाही. मला समुद्राचं काहीच माहीत नाही. पण ह्यांच्या पायाखाली जमीन आहे की नाही, ते मी सांगत जाईन.