शेवट सांगू नका, वन्सं

चैत्रातला रविवार. जेवणं उरकली आहेत, हे आतल्या खोलीत घोरताहेत आणि मी बाहेर फरशीवर चटई टाकून पडले आहे. बार्शीच्या उन्हाळ्यात दुपारी फरशी तेवढी गार. पंखा डोक्यावर फिरतो आहे, पण त्याचा आवाज हळूहळू लांब जातो आहे, कुणीतरी तो हातात धरून गल्लीच्या टोकाला निघाल्यासारखा. डोळे मिटलेत की उघडे, नीट कळत नाही. घड्याळात तीन वाजायला आलेत एवढं दिसतं.

फोन वाजतो.

"बार्शी? बार्शी, बोला. कराड लाईनवर आहे."

हा आवाज मी हजारात ओळखीन. वन्संचा. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, मनोरमा निकम. चौतीस वर्षं कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्यांना जाऊन सात महिने झाले.

"वन्सं," मी म्हणते, "तुम्ही तर..."

"हो, ठाऊक आहे मला. लाईन लागलीय, ती टिकेल याचा भरवसा नाही. बोल पटकन. या महिन्यात काय काय वाचलंस?"

मी लग्न होऊन कराडला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बाईमाणसानं भरदुपारी पुस्तक घेऊन बसलेलं सासूबाईंना खपायचं नाही. वन्संनी लग्न केलं नव्हतं, नोकरी होती, त्यांना बोलायची कुणाची छाती नव्हती. ड्यूटीवरून येताना त्या वाचनालयातून कादंबरी आणायच्या आणि भाजीच्या पिशवीत, मेथीच्या जुड्यांखालून, माझ्याकडे सरकवायच्या. "तू आधी वाच," म्हणायच्या, "तुला वेळ कमी मिळतो." पानांना त्यांच्या माक्याच्या तेलाचा वास असायचा. पुढे यांची बदली बार्शीला झाली. आधी पत्रं, मग घरी फोन आला तसा फोन. महिन्याचा शेवटचा रविवार, दुपारचे तीन. महिन्याभरात वाचलेल्या कादंबऱ्या एकमेकींना सांगायच्या. धाकटीनं आधी सांगायचं, सगळ्यात आवडलेली पहिल्यांदा, आणि शेवट विचारल्याशिवाय फोडायचा नाही. एकतीस वर्षांत हा रविवार आम्ही चुकवला नाही. माझी मुलगी बाळंत झाली तेव्हासुद्धा मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून त्यांना एका सर्कशीतल्या स्वयंपाकिणीची गोष्ट सांगितली होती.

"काहीच नाही वाचलं," मी म्हणते. "सात महिन्यांत एक पान नाही. पुस्तक उघडते, चार ओळी वाचते, आणि वाटतं, हे आता सांगणार कुणाला?"

माझ्या पायाखाली फरशी नाही, गुळगुळीत लाकूड आहे. मी एका लांबलचक खोलीत उभी आहे आणि एका भिंतीभर टेलिफोनचा बोर्ड आहे, बारीक बारीक दिव्यांनी भरलेला. त्याच्यासमोर उंच स्टुलावर वन्सं बसल्या आहेत. निळ्या काठाची पांढरी साडी, केसांवर हेडफोन, वय पस्तीसच्या पुढं नाही. एक्स्चेंजमध्ये मी एकदाच गेले होते, त्यांचा डबा द्यायला. तेव्हा ही खोली एवढी मोठी नव्हती. आता बोर्डाचं दुसरं टोक दिसत नाही. दिवे लागताहेत, विझताहेत, आणि प्रत्येक दिव्यामागं कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगतं आहे. इतकी माणसं एकाच वेळी बोलत असतात हे मला कधी ठाऊकच नव्हतं. मी तोंडात बोट घालून बघत राहते.

"अशी बघत काय उभी राहिलीस? बस," त्या म्हणतात.

"आधी मला एक सांगा," मी म्हणते. "त्या दुभाष्याचं काय झालं?"

हा प्रश्न सात महिने माझ्या गळ्यात अडकून राहिला आहे. भादव्यातल्या त्या शेवटच्या रविवारी वन्संनी मला एक कादंबरी सांगितली होती. जुन्या काळातलं किनाऱ्यावरचं गाव. इंग्रज साहेबाचं कोर्ट. तिथं एक दुभाष्या आहे, गावाकडची बोली साहेबाला इंग्रजीत समजावून देणारा. एक दिवस खुनाच्या आरोपात एका माणसाला उभं करतात, आणि दुभाष्या ओळखतो की हा आपला लहानपणी हरवलेला भाऊ. भावानंही त्याला ओळखलं आहे. साहेब विचारतो, तुला काय सांगायचं आहे? भाऊ दुभाष्याकडे बघून त्यांच्या घरच्या बोलीत एकच वाक्य बोलतो. कोर्टात ते दुसऱ्या कुणालाही कळत नाही. "आणि ते वाक्य असं असतं रतन..." वन्सं म्हणाल्या होत्या, आणि मी ओरडले होते, "शेवट सांगू नका, वन्सं! मी वाचीन. नाव सांगा फक्त पुस्तकाचं." त्या म्हणाल्या, नाव आठवून उद्या कळवते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या झोपेतच गेल्या.

इथल्या वाचनालयातल्या धोत्रेंना मी सतरा वेळा विचारलं असेल. सोलापूरला विचारलं, पुण्याला भाच्याला पाठवलं. कुणाला अशी कादंबरी माहीत नाही.

वन्सं हेडफोन काढून मांडीवर ठेवतात. आता त्या पस्तीशीच्या नाहीत. केस पांढरे आहेत, हातावर शिरा आहेत.

"मिळायची नाही तुला," त्या म्हणतात. "ती कुणी लिहिलेलीच नाही."

"म्हणजे?"

"माझा उजवा डोळा आधीच गेला होता. डावाही आदल्या दिवाळीपासून अधू झाला. अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. डॉक्टर म्हणाले, आता काही व्हायचं नाही. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि मग आपण रविवारी डोळ्यांवरच बोलत बसलो असतो. ते मला नको होतं."

"मग ते दहा महिने सांगितलेल्या कादंबऱ्या?"

"रचायची मी. महिनाभर खिडकीत बसून रचायची. मिठागरावरच्या तीन बहिणी, ती माझीच. घुबडांच्या भाषेवर अभ्यास करणारा मास्तर, तोही माझाच."

मिठागरावरच्या त्या बहिणींसाठी मी दोन रात्री झोपले नव्हते. एकतीस वर्षांत ऐकलेल्या सगळ्या कादंबऱ्यांत मला तीच सगळ्यात आवडली होती. वन्संच्या दिवसांना गेले तेव्हा खाटेशेजारी एकही पुस्तक नव्हतं. मला वाटलं होतं, कुणीतरी वाचनालयात परत केली असतील.

"तुम्ही लिहून का नाही ठेवलंत?"

"लिहिणार कशी? आणि लिहायचं कशाला? मला सांगायचं होतं. तुला." त्या हसतात. "त्या दिवशी तू शेवट सांगू नका म्हणालीस ना, तेव्हा मी सुटले बघ. भावाचं वाक्य मला ठाऊक होतं. दुभाष्या पुढं काय करतो, ते सुचलंच नव्हतं. उद्यापर्यंत वेळ मिळाला म्हणून निवांत झोपले."

पायांना गार लागतं. मी खाली बघते तर पाणी आहे, खारं, घोट्याइतकं. बोर्डाच्या जागी समुद्र आहे आणि आम्ही कोर्टाच्या बाकावर बसलो आहोत. छताला कापडी पंखा हेलकावे खातो आहे. भरती दारातून आत येते, बाकांखालून फिरते आणि माघारी जाते, कुणाचं तिकडे लक्ष नाही. उंचावर साहेब बसला आहे. पिंजऱ्यात एक काळा, उंच माणूस उभा आहे, हातात बेड्या. वन्संनी जसा सांगितला होता, तसाच. भुवईवरचा व्रणसुद्धा. जो माणूस कुठल्याच पुस्तकात नाही, तो माझ्यासमोर श्वास घेतो आहे, आणि त्याच्या छातीची वर-खाली मला दिसते आहे.

दुभाष्याची जागा मात्र रिकामी आहे. सगळं कोर्ट माझ्याकडे बघतं आहे.

"ऊठ," वन्सं कानाशी कुजबुजतात. "धाकटीनं आधी."

मी उठते. पायांत पाणी, हातात काही नाही. पिंजऱ्यातला माणूस माझ्याकडे बघतो. त्याचा आवाज अगदी हळू आहे.

"मला ओळख देऊ नकोस," तो म्हणतो. "माझ्यापायी तुझी भाकरी जाईल."

साहेब हात वर करतो. "तो काय म्हणाला?" साहेब मला विचारतो.

आत आलेली लाटसुद्धा थांबली आहे. मला वाटतं, खोटं सांगावं, हा माणूस निर्दोष आहे म्हणतो असं सांगावं, म्हणजे वाचेल. पण साहेबाला खोटं सांगायचं, तर त्याचं वाक्य माझ्याच तोंडात मरणार. आणि खरं सांगायचं, तर त्यानं जे नको म्हटलं नेमकं तेच करायचं. मग मी तोंड उघडते आणि माझाच आवाज मला परका वाटतो.

"साहेब, याचं बोलणं मला सांगता यायचं नाही. दुसरा दुभाष्या बोलवा. मी याचा भाऊ आहे."

आणि मी पाण्यातून चालत जाते आणि पिंजऱ्याजवळ, त्याच्या शेजारी उभी राहते.

मागून आवाज येतो. "अगं बाई!"

वन्सं. एखादी कादंबरी मनात शिरली की त्या फोनवर असंच म्हणायच्या, श्वास आत घेऊन. मी वळते. कोर्ट नाही, साहेब नाही. कराडच्या घाटाची पायरी आहे, समोर दोन्ही नद्या मिळताहेत, ऊन उतरलं आहे आणि वन्सं पायरीवर बसून डोळे पुसताहेत.

"हे मला नसतं सुचलं गं. दहा जन्मांत नसतं सुचलं." त्या चष्मा काढून माझ्यापुढं धरतात. "जरा पुसून दे. हात तेलकट आहेत माझे, आत्ताच डोकं चोळलं."

चष्म्याच्या काचा जाड आहेत, बोटांच्या ठशांनी भरलेल्या. मी फुंकर घालते, पदराच्या टोकानं एक काच पुसते, मग दुसरी. पुसता पुसता मान वर करायचं धाडस होत नाही.

"पुढच्या महिन्यात?" मी विचारते.

"वाच," त्या म्हणतात. "नाही वाचवलं, तर रच. पण कुणाला तरी सांग. त्या धोत्र्याला सांग. बिचारा सतरा वेळा नाही म्हणून दमला असेल."

चष्मा चढवून त्या नदीकडे बघतात. बराच वेळ बघतात. "केवढं दिसतंय गं," त्या म्हणतात.

"अगं, चहा!"

हे दारात उभे आहेत. पंखा डोक्यावर जोरात फिरतो आहे. पावणेपाच झालेत.

"कुणाशी बोलत होतीस? मोठ्यानं बोलत होतीस, कोर्टात उभी असल्यासारखी."

"वन्संशी," मी म्हणते.

बहिणीचं नाव निघालं की हे अजून खिडकीबाहेर बघतात. मी उठून बसते, पदर सावरायला टोक हातात घेते. सकाळीच नेसलेली धुतलेली साडी. टोक चुरगळलं आहे, चिमटीत धरून गोल गोल फिरवल्यासारखं, आणि त्यावर अंगठ्याएवढे दोन तेलकट डाग आहेत. मी ते नाकाशी नेते. माझ्या डोक्याला गेली वीस वर्षं तेल चालत नाही, आणि यांच्या डोक्यावर तर केसच नाहीत.

माक्याच्या तेलाचा वास आहे.

मी टोक यांच्यापुढं धरते. हे वाकतात, वास घेतात, आणि हळूच माझ्या शेजारी चटईवर बसतात.