आम्ही असताना रिकामं घर

“वीडु कालि,” राव तमिळमध्ये म्हणाले. घर रिकामं आहे.

आम्ही तेव्हा मागच्या न्हाणीत उभे होतो. आप्पा, आई, मी. आईच्या कडेवर धाकटी. तिच्या तोंडावर आईचा हात. पुढच्या खोल्यांतून परकी पावलं फिरत होती. कोणीतरी भिंत ठोकून बघत होतं. जिच्यामागे आम्ही श्वास धरून उभे होतो, तीच.

राव आमचे घरमालक. कुंभकोणमच्या जुन्या मराठी घराण्यातले, तमिळ मुलखात मराठी राजे होते तेव्हापासून इथले. आम्ही आटपाडीकडचे. आप्पा सराफांच्या गल्लीत सोनं गाळायचे. घर भाड्यानं देताना राव त्यांच्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाले होते, तुम्ही आमच्या भाषेची माणसं, परकी कशी? आप्पा त्या एका वाक्यावर कितीतरी वर्षं जगले.

मग रावांनी घर विकायला काढलं. भाडेकरू असलेलं घर कोणी सहसा घेत नाही. घेतलंच तर भाव पाडून. भाडेकरूला उद्या ऊठ म्हणता येत नाही ना. म्हणून राव सकाळी येऊन सांगून गेले होते, अंथरुणं दिसू देऊ नका, चपला दिसू देऊ नका. तुम्हीही दिसू नका.

न्हाणीचं दार उघडलं. पापनाशमहून घर बघायला आलेल्या बाई दचकून मागे सरल्या. भूत बघितल्यासारख्या. त्यांचे यजमान पुढे आले. राव शांतपणे तमिळमध्ये म्हणाले, “ही राखणीला ठेवलेली माणसं आहेत. सांगितलं की जातील.”

आप्पांनी वर खोचलेली लुंगी खाली सोडली. मालकासमोर गडी सोडतात तशी. बाई आईला म्हणाल्या, मोरीत शेवाळ झालंय, घासून ठेव. आणि आईनं खराटा उचलला. आमच्याच घरात.

त्या दिवसापासून मला भास व्हायला लागले. शाळेतून आले की वाटायचं, आत कोणी नाही. आई समोर भात वाढत असायची तरी वाटायचं. आरशात मी दिसायचे, पण खात्री पटायची नाही. झोपेत रावांचे तेच दोन शब्द ऐकू यायचे, वीडु कालि.

पुढच्या आठवड्यात ती माणसं घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन परत आली. आईनं मला मागे ओढलं. मी हात सोडवून घेतला. पुढच्या खोलीत जाऊन उभी राहिले. मी दहावीत होते. शाळेत शिकलेल्या तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

“नांग इंग कुडियिरुक्कोम्. वाडगै कुडुक्करोम्.”

आम्ही इथं राहतो. भाडं भरतो.

पापनाशमच्या गृहस्थांनी रावांकडे बघितलं. राव माझ्याकडे. थोड्या वेळानं ती माणसं निघून गेली. व्यवहार मोडला.

राव परत आमच्याशी मराठीत बोलले नाहीत. घर सोडा, तेही तमिळमध्येच सांगितलं. आप्पा मला रागावतील असं वाटलं होतं. पण ते रावांना एवढंच म्हणाले, “पोरीची परीक्षा झाल्याशिवाय आम्ही हलणार नाही.” रावांनी पाण्याची मोटर बंद करून टाकली. आम्ही रस्त्यावरच्या नळाचं पाणी भरलं. हललो नाही. परीक्षा झाली तेव्हा सामान पुढच्या दारानं, भर दुपारी, गल्लीदेखत बाहेर काढलं.

आता मी नोकरी करते. कुंभकोणमजवळच, दारासुरमला भाड्याच्या घरात राहते. करार माझ्या नावावर, दाराबाहेर पाटी माझी. भास अजून होतात. होऊ देत. माझी भाषा बोलतो म्हणून कोणी माझा होत नाही, हे मला कळलंय. हे घर विकायला निघालं, तर येणाऱ्या प्रत्येकाला दार मीच उघडणार. आणि इथं कोण राहतं, हेही मीच सांगणार.