पाव गरम होते

आमच्या मामंजींइतका वेळेचा धसका घेतलेला माणूस अख्ख्या किनाऱ्यावर दुसरा सापडणार नाही. मामंजी म्हणजे माझे सासरे. श्रीवर्धनात आमची छोटी बेकरी आहे; ती आता माझा नवरा बघतो आणि मामंजी ओटीवर बसून साऱ्या गावाची वेळ बघतात. दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ, कारण एक बंद पडलं तर साक्षीला दुसरं हवं. नवी नवरी म्हणून मी या घराचं माप ओलांडलं, तेव्हा टाळ्यांच्या आधी मामंजींचा आवाज ऐकला, "अकरा वाजून सतरा मिनिटं." मला वाटलं, मुहूर्तच टळला. पुढे कळलं की गॅसवाला असो, जावई असो की शेजाऱ्यांची मांजर, सगळ्यांचं स्वागत असंच होतं. बाहेरून आलेल्या माणसाला पाणी मिळायच्या आधी प्रश्न, "वाटेत कोण भेटला? किती वाजता?" माझा भाऊ किहीमहून पहिल्यांदा आला तेव्हा त्याची अशी उलटतपासणी झाली, की जेवताना त्यानं मला हळूच विचारलं, "ताई, तुझे सासरे पोलिसात होते का गं?" शेजारच्या नातवाच्या जन्माची वेळ दवाखान्यातली नर्स एक सांगत होती आणि बाहेर बाकावर बसलेले मामंजी दुसरी. पत्रिका शेवटी मामंजींच्या वेळेवर मांडली गेली, आणि त्या पोराचं पुढे काही बरं झालं की त्याचं श्रेय मामंजी आजही घेतात.

या सगळ्यामागचं कारण मला सासूबाईंनी सांगितलं, लग्नानंतर वर्षभरानं, मागच्या पडवीत आम्ही दोघी सुपारी सोलत असताना.

मामंजी तेव्हा विशीतले होते. पहाटे भट्टीतून निघालेले पाव पत्र्याच्या पेटीत भरायचे, ती डोक्यावर घ्यायची आणि डोंगरावरच्या वाडीत विकायला जायचे. बारा घरांची वाडी. एका सकाळी तिथला पाटील त्याच्याच खळ्यात कोयत्यानं मारलेला सापडला; पहाटे कोंबडं आरवलं तेव्हा घरच्यांनी त्याला जिवंत पाहिलं होतं. पाटलाचं शेजाऱ्याशी बांधावरून भांडण होतं, म्हणून पोलिसांनी शेजाऱ्याला धरलं. पण त्याच सकाळी, वाडीत बोंब उठायच्या आधी, मामंजींना तो शेजारी खाली वहाळावर भेटला होता. बैलांना पाणी पाजत होता. त्यानं मुलीसाठी दोन पाव घेतले होते.

खटला अलिबागच्या कोर्टात चालला. मामंजी साक्षीला उभे राहिले. वकिलानं विचारलं, "घड्याळ होतं तुमच्याकडे?"

"न्हाय."

"मग एवढ्या पहाटे भेटला, हे कशावरून?"

"पाव गरम होते, साहेब."

सगळं कोर्ट हसलं. ज्याच्यावर खटला होता, तोसुद्धा हसला म्हणे. खरं तर त्या थंडीत पाव गरम आहेत म्हणजे मामंजी घरून नुकतेच निघालेत, आणि वहाळापासून वाडी तासाभराच्या चढावर; म्हणजे खून झाला तेव्हा तो माणूस वाडीत असणं शक्यच नव्हतं. पण हे त्यांना समजावून सांगता आलं नाही. शेजाऱ्याला जन्मठेप झाली. बायको मुलीला घेऊन पेणकडे माहेरी गेली. खून कोणी केला, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. मामंजींनी परतताना अलिबागच्या बाजारात पहिलं घड्याळ घेतलं, आणि त्या वाडीची पायवाट पुन्हा कधी चढली नाही.

तो माणूस सुटून आल्याचं त्यांना कळलं होतं. पेणजवळच्या मिठागरावर कामाला आहे, हेही कळलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "एकदा गेले हो. पेणच्या स्टँडवर उतरले, चहा घेतला नि पुढच्या गाडीनं माघारी. मला म्हणाले, काय तोंड दाखवू?"

गेल्या दिवाळीनंतर साठीची एक बाई बेकरीवर आली. मामंजींचं नाव घेऊन विचारत होती. मी तिला ओटीवर आणलं. तिनं आपल्या वडिलांचं नाव सांगितलं आणि मामंजी उठून उभे राहिले. ती किती वाजता आली, वाटेत कोण भेटलं, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "कसे हायत?"

"गेल्या पावसाळ्यात गेले, काका."

मामंजी खाली बसले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "माझ्यामुळं झालं सगळं. मला बोलता आलं न्हाय."

"बाबा तसं नव्हते म्हणत," ती म्हणाली. "ते म्हणायचे, अख्ख्या वाडीतला एक माणूस कोर्टाची पायरी चढला नाही. पाववाला पोरगा तेवढा आला. श्रीवर्धनकडचं कुणी भेटलं की विचारायचे तुमच्याबद्दल. मी म्हणायची, जाऊन या ना. तर म्हणायचे, नको, माझ्याशी ओळख दाखवायला त्याला अवघड वाटेल."

पुढच्या आठवड्यात मामंजी मला म्हणाले, "सूनबाय, पेणला येशील माझ्यासंगं?" आम्ही गेलो. त्या बाईनं भाकरी आणि सुकटीचं कालवण केलं होतं. मामंजी जेमतेम अर्धी भाकरी जेवले. ऊन उतरल्यावर ती आम्हाला मिठागराच्या बांधावर घेऊन गेली. कामं संपलेल्या वयात बाबा रोज इथे येऊन बसायचे, म्हणाली. तिथे एक दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला. मामंजींनी त्याच्यावरून हात फिरवला.

"कुठं बघत बसायचे?"

तिनं खाडीपलीकडे दाखवलं. दक्षिणेला, लांब, डोंगरांची एक निळी ओळ होती.

"आपली वाडी इथून दिसते, म्हणायचे. दिसत नाही हो काका. मी पुष्कळदा बघितलंय."

मामंजी त्या दगडावर बसले. जरा सरकून बसले, दुसऱ्या कुणाला जागा ठेवावी तसे, आणि तिकडे बघत राहिले.

"दिसते," ते म्हणाले.