ताईंचं एक मिनिट

निर्मलाताई गेल्याचा मेसेज कॉलनीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी ऑफिसात होते. मनात पहिला प्रश्न हाच आला, आता सुदामा नगरला गप्प कोण बसवणार? ताई सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. महूच्या, फौजी घरातल्या, आवाजही तसाच. कुठे तान्हं मूल खोकताना दिसलं की त्या टीव्ही, पंखा बंद करायला लावायच्या, झबलं वर करायच्या आणि बोट उंचावून म्हणायच्या, "एक मिनिट सगळे चूप!" मग घड्याळ लावून श्वास मोजायच्या. पूर्ण मिनिटभर. "आली इन्स्पेक्टर," असं म्हणून माझ्या सासूबाई मागून हसायच्या. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू?

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी ईरा तेव्हा आठ महिन्यांची होती. दोन दिवस सर्दी-खोकला झाला, मग खोकला कमी झाला. पोरगी शांत पडून राहिली, दूधही घेईना... आणि आम्ही खूश, आराम पडतोय म्हणून! छातीला तेल, ओव्याची पुरचुंडी, वर दोन स्वेटर. सकाळी ताई सहज डोकावल्या. सासूबाई म्हणाल्या, "ताई, आत्ताच डोळा लागलाय बिचारीचा. थंडीत उघडी नका करू."

"वहिनी, कपड्याच्या आत काय चाललंय, ते दिसणार कसं?" ताईंनी स्वेटर काढले. बोट वर. त्या मिनिटात मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. प्रत्येक श्वासाला फासळ्यांखाली खळगा पडत होता.

"बासष्ट," ताई म्हणाल्या. "या वयात पन्नास म्हणजेच खतरा. खोकल्यावर जाऊ नको गं, छाती बघ. चल, अभी के अभी!"

न्यूमोनिया निघाला. ऑक्सिजन, इंजेक्शनं... सहाव्या दिवशी ईरा पोटभर दूध प्यायली आणि तिनं असं भोकाड पसरलं की अख्खा वॉर्ड जागा झाला. "अब सुनो आवाज!" ताईंनी टाळ्या पिटल्या. मी मात्र ढसाढसा रडले. त्यानंतर ताई आल्या की सासूबाई स्वतः उठून पंखा बंद करायच्या.

ताई गेल्यावर पंधरा दिवसांनी कॉलनीत त्यांची शोकसभा झाली. एक मिनिट मौन पाळायचं ठरलं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या, एकोणीस वर्षांच्या ईराची तेवढी गेली नाही. शेजारच्या भाभींचं बाळ जरा खोकत होतं. त्याचं झबलं वर करून ती पोटाकडे बघत होती, ओठ हलत होते. मिनिट संपलं.

"छत्तीस," ती मोठ्यानं म्हणाली. "एकदम बढिया आहे, भाभी!"

कोणी दटावलं नाही. मागच्या खुर्चीवर सासूबाई डोळे पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "आली इन्स्पेक्टर."